अर्धं बॉनेट मेणाचं

त्र्याऐंशी साल होतं की चौऱ्याऐंशी, ते आता नक्की सांगता येत नाही. हिंगणघाटला कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि जिनिंगच्या कारखान्यातला कापूस हवेत उडून दवाखान्याच्या पडद्यांना चिकटत होता, एवढं आठवतं. त्याच दिवसांत मी गाडी घेतली.

दवाखाना काढून मला नऊ वर्षं झाली होती. मंगळवारी वडनेरला आणि शुक्रवारी गिरडला पेशंट तपासायला जायचे, तेही एस.टी.ने, मांडीवर औषधांची पेटी घेऊन. गाडी शिकून दोन वर्षं झाली तरी चालवायला गाडी नव्हती. मग कोणीतरी सांगितलं, पुलगावच्या दारूगोळ्याच्या डेपोतून निवृत्त झालेले एक अधिकारी आपली गाडी विकताहेत, ती आरशासारखी ठेवलेली आहे.

खरंच तशी ठेवलेली होती. फिकट निळ्या रंगाची, बारा-तेरा वर्षांची गाडी, आणि तिच्या दारात मला माझं कुंकू दिसत होतं. ते गृहस्थ पासष्टीच्या पुढचे, सडपातळ, एकटे राहणारे. बायकोला जाऊन तीन वर्षं झाली होती, मुलगी नागपूरला दिलेली. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणू लागले आणि ते मला डॉक्टरीनबाई. गाडी का विकता, असं विचारलं तर म्हणाले, "गुडघे ऐकत नाईत आता."

किल्ली द्यायच्या आधी त्यांनी मला एक पत्र्याचा गोल डबा दिला. आत पिवळसर, घट्ट मेण होतं. त्याला टर्पेंटाइनचा वास येत होता.

"महिन्यातून एक डाव," काका म्हणाले. "सावलीत लावजा. उन्हात लावलं तं डाग पडते. ओल्या फडक्यानं पातळ हात फिरवा, मंग पांढुरकं झालं की फलालीनच्या कापडानं पुसून टाका. जोर नाई लावाचा. जोर लावला तं समजा चुकलं."

मी औषधाच्या चिठ्ठीवर सगळं लिहून घेतलं. त्यांना ते आवडलं असावं, कारण निघताना त्यांनी फलालीनचे दोन तुकडेही दिले.

सहा महिने मी ते सगळं नेमानं केलं. रविवारी सकाळी दवाखान्यासमोरच्या कडुलिंबाखाली गाडी लावायची आणि मेण फिरवायचं. पुसताना फडकं निळं व्हायचं. पहिल्या वेळी मी घाबरले, आपण रंगच पुसून काढतोय असं वाटलं. काकांना पत्र टाकलं. उत्तर आलं, "फडक्यास रंग लागणारच. चालू ठेवावे." ते अक्षर पोरीबाळींसारखं गोल होतं, डेपोत तीस वर्षं फायली लिहिणाऱ्या माणसाचं वाटत नव्हतं. मी त्याचा फार विचार केला नाही.

उन्हाळा लागला आणि माझा पहिला गोंधळ सुरू झाला. दुपारी दोन वाजता गाडीला हात लावला की बोट चिकटायचं. मेण मऊ व्हायचं आणि वडनेरच्या रस्त्याची सगळी धूळ त्यात बसायची. धूळ पुसायला जावं तर बारीक ओरखडे पडायचे. त्याच्या आधी थंडीत कापसाचे तंतू असेच बसले होते, गाडीला लव फुटल्यासारखं दिसत होतं. मेण लावल्यामुळे गाडी जपली जातेय की बिघडतेय, हेच कळेना.

त्याच उन्हाळ्यात माझा मोठा भाऊ सुटीवर आला. तो आखातात गाड्यांच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये होता. पहिल्याच दिवशी त्यानं गाडीवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं.

"हे काय लावून राह्यली तू?"

"मेण."

"मेन कोन लावते आता? आमच्याकडे पन्नास डिग्रीत गाड्या उभ्या राह्यते. मेन तं दुपारपर्यंत वाहून जाईन." त्यानं बॅगेतून एक पांढरी बाटली काढली. आत दुधासारखं पातळ द्रव होतं. "हे सिंथेटिक हाय. याले सीलंट म्हणते. रंगावर काचेसारखा थर बसते. एकदा लावलं की वर्षभर पाहाचं काम नाई."

"पण काका म्हणतात..."

"तू डॉक्टर हाय नं? मंग जुन्या काढ्यावर काऊन बसली?"

हे मला लागलं. मी त्याला विचारलं, मेणावरच हे लावून टाकायचं का? तर तो म्हणाला, छे, मेणावर हे धरतच नाही, आधी सगळं मेण काढावं लागतं, अगदी शेवटच्या थरापर्यंत. एकदा हे लावलं की मग मेणाची गरज नाही. म्हणजे दोन्हींतलं एकच निवडायचं. बाटलीवर इंग्रजीत आणि अरबीत सूचना होत्या. इंग्रजी सूचना मी तीनदा वाचल्या. लावल्यावर बारा तास पाणी लागू देऊ नये, असं त्यात होतं. गाडीचा रंग जुन्या पद्धतीचा असेल तर काय करावं, हे कुठेच नव्हतं.

दवाखान्यात मी रोज निर्णय घेत होते. ताप अंगावर काढायचा की इंजेक्शन द्यायचं, टाके आज काढायचे की उद्या, यासाठी मला कोणाला विचारावं लागत नसे. गाडीच्या बाबतीत मात्र ज्याचं ऐकावं त्याचंच खरं वाटे. काका सांगत तेव्हा मेण खरं, भाऊ सांगे तेव्हा बाटली खरी. रात्री दोन्ही खोटी वाटत.

शेवटी मी मधला मार्ग काढला. बॉनेटच्या मधोमध, पुढच्या टोकापासून काचेपर्यंत, टाके घालायचा दोरा ताणून बांधला. उजवी बाजू मेणाची, डावी बाटलीची. सहा महिने पाहायचं आणि मग ठरवायचं. भाऊ हसला, पण कबूल झाला.

डाव्या बाजूचं मेण काढायला मी दवाखान्यातलं स्पिरिट घेतलं. कापसाच्या बोळ्यानं हेडलाइटच्या वर हलकंच पुसलं, जसं सुई टोचायच्या आधी दंड पुसतो तसं. थोड्या वेळानं तिथे तळहाताएवढा मळकट, सुरकुतलेला डाग उठला. मी तिथेच थांबले. भावालाही काही सुचेना, त्याच्याकडच्या गाड्यांना असं होत नसे म्हणे.

आम्ही बाजारातल्या डेंटिंग-पेंटिंगच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाईसाब, स्पिरिट तं सुई लावायले ठीक आहे," तो म्हणाला. "हा जुना रंग आहे. स्पिरिटनं खालीपर्यंत नरम होते. घासलेट घ्याचं होतं, थोडंसं, आणि मंग साबनानं धुवाचं."

"आणि मिस्त्री, पुसलं की फडकं निळं होतं ते?"

"थे मेलेला रंग आहे. वरचा वर निघते. निघू द्या."

"मेलेला किती आणि जिता किती, हे कसं ओळखायचं?"

मिस्त्रीनं बराच विचार केला. "जवा लोखंड दिसते," तो म्हणाला, "तवा समजाचं का जिता संपला."

आमच्या तिघांमध्ये या विषयावर सगळ्यात जास्त माहिती त्यालाच होती, आणि त्याचं म्हणणं ऐकून माझा गोंधळ दुप्पट झाला. मी विचारलं, तुम्ही काय लावाल, मेण की हे? त्यानं बाटली हुंगली, मेण हुंगलं. "मी तं रंग देतो, बाई," तो म्हणाला. "वर काय लावाचं थे गाडीवाल्याचं काम."

डाव्या बाजूला भावानं आपल्या हातानं सीलंट लावलं, उजवीला मी मेण. भाऊ परत गेला.

पुढचे महिने माझे बॉनेटकडे पाहण्यात गेले. पावसात दोन्ही बाजूंवर थेंब सारखेच गोळा होत. सकाळच्या उन्हात मेणाची बाजू खोल दिसे, तळ्याच्या पाण्यासारखी, आणि डावी बाजू नुसती स्वच्छ. दुपारी उलटं. धूळ उजवीकडे जास्त बसे हे खरं, पण गाडी मी उजव्या अंगानं रस्त्याकडे लावत असे, म्हणून बसत असेल. मग मी गाडी उलटी लावून पाहिली. तेव्हा धूळ दोन्हीकडे बसली. कंपाउंडर डाव्या बाजूचा होता, वडनेरची नर्स उजव्या बाजूची. एक म्हातारा पेशंट नाडी दाखवायच्या आधी बॉनेट पाही आणि दर खेपेला वेगळं उत्तर देई.

काकांपासून हे लपवून ठेवलंय याची टोचणी होती. दिवाळीच्या सुमारास मी त्यांना सगळं लिहिलं, स्पिरिटच्या डागासकट. उत्तर आलं नाही. आठव्या दिवशी दुपारी ते स्वतःच दवाखान्याच्या दारात उभे होते, हातात पिशवी, धोतर धुळीनं भरलेलं. पुलगावहून वर्धा आणि वर्ध्याहून हिंगणघाट, दोन बस बदलून आले होते.

"कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

गाडी त्यांच्यापासून दहा पावलांवर कडुलिंबाखाली उभी होती. मला वाटलं, रागानं विचारताहेत. मी त्यांना तिच्यापाशी नेलं आणि म्हणाले, "काका, तुम्हीच सांगा कोणती बाजू बरी आहे. कोणत्या बाजूला काय लावलंय ते मी सांगत नाही."

त्यांनी वाकून पाहिलं नाही. उजव्या हाताची पालथी बोटं बॉनेटवर ठेवली आणि हळूहळू एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवली. परत आणली. डाव्या बाजूवर हात थांबला.

"हे," ते म्हणाले. "हे मेनाची बाजू. हाताले समजते नं. मेनाची ओल कशी लपन?"

ती सीलंटची बाजू होती.

मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की माझ्या जिभेवरचं वाक्य तिथेच राहिलं. शिवाय ते उभे होते त्यांच्या मांडीपाशीच तो स्पिरिटचा डाग होता आणि त्याबद्दल त्यांनी अक्षरसुद्धा काढलं नव्हतं.

आत चहा आला. मी कप त्यांच्यासमोर ठेवला. त्यांचा हात कपाच्या दोन बोटं बाजूला गेला, टेबलाला लागला, आणि मग सरकत सरकत कपावर आला. सहज सरकवल्यासारखं केलं त्यांनी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ते गोल अक्षर, दहा पावलांवरची गाडी, पालथा हात.

"काका, जरा उजेडाकडे तोंड करा."

"काऊन?"

"करा ना."

मी टॉर्च घेतली. दोन्ही बाहुल्या पांढुरक्या झालेल्या, उजवी तर पार पिकलेली. त्यांच्या दारात गाडी घेताना मी यांच्यासमोर तासभर बसले होते. गाडीच्या दारात मला माझं कुंकू दिसलं, पण समोरच्या माणसाचे डोळे दिसले नाहीत.

"मोतीबिंदू आहे," मी म्हणाले.

"मले माहीत हाय."

"आणि गुडघे?"

"गुडघे ठीक हायेत." त्यांनी कप बाजूला सारला. "पोरीले समजलं तं नागपूरले घेऊन जाईन. मंग घर बंद. म्हणून कोनाले सांगतलं नाई. पत्र शेजारच्या मास्तरच्या पोरीले लिहाले लावतो. बसवरची पाटी वाचता येत नाई, तं प्रत्येक बसपाशी जाऊन विचारतो, हिंगणघाट काय, हिंगणघाट काय. लोक सांगते."

"मेण कसं लावत होता?"

"हातानं. शेवटची दोन वर्षं हातानंच लावलं." ते हसले. "तुम्हाले चमक दिसली नं? मंग झालं."

मी त्यांना त्या दिवशी परत जाऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच गाडीनं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, आणि थंडीत दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आधी उजव्या डोळ्याचं, महिन्याभरानं डाव्याचं. मुलगी आली, रडली, थोडी रागावली. पण घर बंद झालं नाही. तिनं एक महिना पुलगावला राहून शेजारच्या मास्तरांशी सगळं ठरवून दिलं आणि ती परत गेली.

त्या काळी ऑपरेशननंतर जाड भिंगांचा चष्मा मिळे. काका तो लावून फेब्रुवारीत हिंगणघाटला आले. यावेळी बसची पाटी वाचून. दारातच म्हणाले, "तुमच्या दवाखान्याची पायरी लय मोठी झाली." त्या चष्म्यातून सगळंच मोठं आणि जवळ दिसतं, त्याची सवय व्हायची होती. मग ते गाडीकडे वळले आणि थबकले.

"रंग कवा दिला?"

"रंग? नाही दिला काका."

"डॉक्टरीनबाई, माह्याशी खोटं नका बोलू. हे गाडी अशी नोती. हे तं निळी हाय."

"निळीच होती."

"राखाडी होती. मातकट राखाडी. तेरा वर्षं हात फिरवला मी तिच्यावर." त्यांचा आवाज चढला नाही. "तुम्हाले रंग द्याचा होता तं देजा, गाडी तुमची हाय. पन मले सांगाचं होतं."

मी समजावायला लागले. मोतीबिंदू वाढतो तसं डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, त्यातून निळा रंग नीट आत येत नाही, आता ते भिंग काढलं म्हणून निळा एकदम उठून दिसतोय. मी हे दिवसातून दहा पेशंटना सांगू शकले असते. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "का त्या बाटलीनं झालं हे?"

मी मिस्त्रीला बोलावणं पाठवलं. तो आला, त्यानं ड्रायव्हरचं दार उघडलं आणि चौकटीच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. तिथे ना ऊन लागतं ना कोणी मेण फिरवतं.

"साहेब, हा पहा कंपनीतला रंग. आत आणि बाहेर एकच आहे. कोनीच हात नाई लावला."

काका खाली बसले. चष्मा वर सरकवून त्यांनी चौकट पाहिली, मग चष्म्यातून पाहिली. मिस्त्री गेला तरी ते तिथेच होते.

"ते म्हणे निळी हाय," ते चौकटीकडे पाहत म्हणाले. ते बायकोबद्दल बोलताहेत हे समजायला मला क्षण लागला. "तिनंच पसंत केलती. निळ्या रंगाची पाह्यजे म्हणून अडून बसली होती. मंग पुढं पुढं मी म्हणत जाओ, तुयी निळी गाडी तं राखाडी निघाली. ते म्हणे, अहो, निळीच हाय. आमचं भांडन होये. शेवटच्या दिवाळीले मी तिले म्हटलं, तुयाच डोळ्याले काहीतरी झालं, दाखवून ये." त्यांनी चौकटीवरून बोट फिरवलं. "गेलती ते. डॉक्टरले दाखवून आलती. डॉक्टरनं सांगतलं, डोळे चांगले हायेत. मंग ते काहीच बोलली नाई मले."

मी त्यांच्या शेजारी खालीच बसले. मोतीबिंदू आपल्याला कळत नाही, इतका हळू येतो, तुमचा दोष नाही, असं काहीतरी म्हणाले. त्यांनी मान हलवली. ऐकलं की नाही, कोण जाणे.

निघताना मी त्यांना विचारलं, मुख्यतः विषय बदलायला, "मग काका, आता काय लावू? मेण की बाटली? आता तर तुम्हाला दिसतंय."

त्यांनी बॉनेटभोवती एक फेरी मारली. स्पिरिटचा डाग त्यांना पहिल्यांदाच दिसला, त्यावर बोट ठेवून "हेच का थे" म्हणाले. मग डावी बाजू पाहिली, उजवी पाहिली, आणि उजव्या बाजूवर बारीक गोल गोल ओरखडे दिसले तसे वाकले. ते ओरखडे गाडी त्यांच्याकडे होती त्या शेवटच्या दोन वर्षांतले होते. फडक्यात वाळूचा कण आला तर तो त्यांना दिसत नव्हता, आणि मीही नंतर तसंच धुळीवरून पुसत राहिले होते. कोणते त्यांचे आणि कोणते माझे हे वेगळं करता येत नव्हतं.

"मले नाई सांगता येत," ते म्हणाले. "आधी समदं सांगता येये."

मी त्यांच्याकडे उत्तर मागायला गेले होते आणि ज्याच्याकडे ते नक्की होतं त्याच्याकडूनही ते काढून घेतलं, असं मला वाटलं. पुढच्या उन्हाळ्यात भाऊ आला. डावी बाजू अजून गुळगुळीत आहे हे पाहून तो खूश झाला आणि अख्ख्या गाडीला सीलंट लावू म्हणाला. मी हो म्हटलं, घासलेट आणलं, आणि ऐन वेळी नाही म्हटलं. कारण विचारलं तर मला देता आलं नाही. तो चिडून म्हणाला, "तू पेशंटचं कसं करते?" बाटली तशीच कपाटात राहिली. मी उजवीकडे मेण आणि डावीकडे काहीच नाही, असं बरेच दिवस चालू ठेवलं, आणि नंतर टपाला मेण, दारांना सीलंट, असंही करून पाहिलं. रंग टिकला. मेणामुळे टिकला, सीलंटमुळे टिकला की तो मुळातच चांगला होता, हे मला कधीच कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात भाऊ येण्याच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीला, काका एका शुक्रवारी माझ्याबरोबर गिरडला आले होते. पेशंट तपासून होईपर्यंत ते टेकडीवर दर्ग्यापर्यंत चढून गेले आणि तासाभरानं घाम पुसत खाली आले. परतीच्या रस्त्यावर समोर बैलगाड्या होत्या, त्यांच्या धुळीत गाडी पार मातीच्या रंगाची झाली. काका काच खाली करून बाहेर पाहत होते. पळसाची फुलं आता झडत आली होती. मैलाचा दगड आला की ते वाचत, मोठ्यानं, गावाचं नाव आणि आकडा, आणि मग पुढच्या दगडाची वाट पाहत गप्प राहत.

मी काच वर करा म्हणाले नाही.